संगणक घरचा, दुकानाचा – भाग ६ : प्रोग्रॅम काढण्याआधी

मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा सोलापूरच्या बाजारपेठेत सहज कानावर पडतात. इथल्या डीटीपीवाल्याला तिन्ही लिप्यांचे फॉन्ट हाताशी ठेवावे लागतात. त्यासाठी राज्यात अनेकांनी वर्षानुवर्षे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ वापरली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-अद्ययावती थांबली आणि जुने संगणक बदलण्याचा, निदान त्यांची साफसफाई करण्याचा विषय निघाला. खरी फसगत इथेच होते.

श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली लग्नपत्रिका युनिकोडमध्ये नसते. फॉन्ट काढले, की पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. म्हणून आधी फायली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, छपाईच्या पीडीएफ करून ठेवाव्यात आणि मगच प्रोग्रॅमला हात लावावा.

व्यापाऱ्याच्या पेढीवर हाच प्रश्न ‘टॅली’चा. संगणक बदलायचा तर कंपनीच्या डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि इंटरनेट सुरू असताना टॅलीतूनच लायसन्स ‘सरेंडर’ करायचे. मग ते नव्या संगणकावर सुरू करता येते. हे न करता हार्ड डिस्क फॉरमॅट केली, तर मार्चअखेरीस धावपळ ठरलेली!

आता प्रत्यक्ष काढण्याविषयी.

डेस्कटॉपवरचे चित्र डिलीट केल्याने फक्त शॉर्टकट जातो. प्रोग्रॅम जागेवरच राहतो. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधला फोल्डर उडवणे त्याहून वाईट, कारण विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या नोंदी तशाच उरतात आणि पुढे प्रोग्रॅम पुन्हा टाकताना अडथळा येऊ शकतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स या वाटेने जाऊन ‘अनइन्स्टॉल’ निवडावे. जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅम कंट्रोल पॅनेलमधल्या ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’मध्येही सापडतात. नंतर संगणक रीस्टार्ट करावा, कारण वापरात असलेल्या काही फायली तेव्हाच पुसल्या जातात.

एवढे करूनही ‘अ‍ॅपडेटा’ आणि ‘प्रोग्रॅमडेटा’ या लपवलेल्या फोल्डरांत सेटिंग्ज उरू शकतात. त्या प्रोग्रॅमच्याच नावाचा फोल्डर असेल तर आत काय आहे ते पाहून काढावा. रजिस्ट्री ‘साफ’ करून देणाऱ्या फुकट साधनांच्या नादी मात्र लागू नये. अशा साधनांचा वापर मायक्रोसॉफ्टलाही मान्य नाही.

अँटिव्हायरस बदलताना जुना पूर्ण काढूनच नवा टाकावा. दोघे एकत्र राहिले की एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक रेंगाळतो.

काही प्रोग्रॅम तर न विचारता काढावेत. फ्लॅश प्लेअरचा आधार अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी संपवला, १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालवणेच बंद केले आणि तो काढून टाकायलाही सांगितले. तो अजून यादीत दिसत असेल तर आजच काढा.

(पुढील आठवड्यात : बॅकअप कुठे आणि किती)