ग्रुप राइड का बंद पडते?

आठवतंय का? शनिवारी रात्री व्हॉट्सअॅपवर मेसेज यायचा, ‘उद्या 5 वाजता, इंडिया गेट. कोण कोण येतंय?’ आणि सकाळी 25-30 सायकली जमायच्या. त्यात रिटायर झालेले काका असायचे, कॉलेजची मुलगी असायची, कुणाची गिअरची महागडी सायकल तर कुणाची साधी अॅटलस. परतताना टपरीवर चहा आणि पराठे ठरलेले. आज त्याच ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगचे फोटो येतात.

तुमच्याही ग्रुपचं असंच झालंय का?

दिवस उत्साहाचे

17 नोव्हेंबर 2013 ला गुडगावमध्ये ‘राहगिरी डे’ सुरू झाला. रविवारी सकाळी गाड्या बंद, रस्ता सायकलवाल्यांचा आणि मुलांचा. कल्पना आली कोलंबियातील बोगोटा शहरातून. पुढच्याच वर्षी ती दिल्लीच्या कनॉट प्लेसमध्येही पोहोचली. 2020 च्या लॉकडाउनमध्ये जिम बंद पडल्या आणि घरोघरी सायकली आल्या. गंमत पाहा, त्याच वर्षी 3 जूनला, जागतिक सायकल दिनीच, अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला.

मग बिनसलं कुठे?

वेग : आधी सगळे एकत्र निघायचे, एकत्र परतायचे. मग स्ट्रावासारखी अॅप आली आणि प्रत्येकाचा आकडा सगळ्यांना दिसू लागला. वेगवान मंडळींनी वेगळा ग्रुप केला. मागे राहिलेली नवी मुलगी पुढच्या रविवारी आलीच नाही.

एकाच्याच खांद्यावर भार : रूट ठरवणं, फोन करणं, पंक्चर काढणं हे सगळं एकच जण करतो. त्याची बदली झाली की ग्रुप संपतो.

हवा आणि रस्ते : नोव्हेंबरात धुरकट हवा, मे महिन्यात उकाडा आणि वर्षभर भरधाव गाड्या. पहाटेच्या अंधारात एकटीने निघायची भीती वाटते, म्हणूनच तर ग्रुप हवा असतो.

पुन्हा सुरू करायचंय?

* महिन्यातली एक राइड सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या वेगाने करा. एक अनुभवी सायकलस्वार कायम शेवटी ठेवा.

* रूट ठरवायची जबाबदारी दर महिन्याला बदला.

* वेगाची हौस असलेल्यांना वेगळा दिवस द्या, वेगळा ग्रुप नको.

* हेल्मेट आणि पुढे-मागे लाइट असल्याशिवाय कुणालाही सोबत घेऊ नका.

* हवा खराब असेल त्या रविवारी राइड रद्द करा, पण चहाला भेटा.

लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ राइडकडे पाहा. 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. वेळेत पोहोचलेल्या प्रत्येकाचा मान सारखाच, तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. मग आपल्या 20 किलोमीटरच्या राइडमध्ये शर्यत कशाला?

आज संध्याकाळी एक काम करा. ग्रुपवर मेसेज टाकू नका. जे यायचे बंद झाले, त्यांच्यापैकी एकाला फोन करा आणि विचारा, ‘‘रविवारी येताय ना? आम्ही थांबू तुमच्यासाठी.’’