कॅन्सर पेशंटच्या रक्तात रेडिएशन उरतं का?
किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० थोडंफार तुमच्याआमच्या रक्तातही असतंच. मशीनवर बाहेरून ‘शेक’ घेतलेल्या पेशंटच्या अंगात रेडिएशन उरत नाही, त्याच्याजवळ खुशाल बसा. थायरॉईड कॅन्सरचं मात्र वेगळं. ठाणे-कल्याणकडून परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला गेलेल्या अशा काही पेशंटना किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ पोटात देतात. खूप मोठा डोस द्यायचा असेल, तर काही ठिकाणी आधी अगदी थोडा देऊन काही दिवस रक्त काढून मोजतात. कारण रक्ताला २ ग्रेपेक्षा जास्त मात्रा बसली, तर हाडातल्या मगजाला इजा होऊ शकते. रक्त तिथेच तयार होतं. या आयोडीनचा जोर ८ दिवसांत निम्मा होतो, बरंचसं तर त्याआधीच लघवीतून जातं. घरी आल्यावर डॉक्टर सांगतील तितकेच दिवस वेगळं झोपायचं, लहान मुलं आणि गरोदर बाईपासून लांब राहायचं, संडासात दोनदा पाणी टाकायचं.