‘चाय’ची पाटी आणि सूर्यास्तापूर्वीचे ताट

व्हिएतनामला जायचे ठरले तेव्हा आमच्या वर्ध्याच्या घरात पहिला प्रश्न व्हिसाचा किंवा विमानाचा निघाला नाही. तो आईच्या नियमांचा निघाला. कंदमुळे वर्ज्य, कांदा-लसूण वर्ज्य, पाणी गाळलेलेच आणि सूर्यास्तानंतर अन्नाचा कणही नाही. “तुम्ही जाऊन या. माझ्यापायी तुमची ओढाताण नको,” असे म्हणून तिने विषय संपवला होता. मांस-मासळी हा ज्या देशाच्या ताटाचा आधार, तिथे तिची धास्ती अनाठायी नव्हती. तरीही आम्ही तिला नेले. बॅगेत दशम्या, खाकरे, मुगाचे लाडू, तिळाची चटणी आणि पाणी गाळण्याचे पांढरे फडके होते.

त्या देशाचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. डिसेंबरात हनोईला सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो. त्यामुळे आमचा दिवस आईच्या ताटाभोवती बांधला गेला: पहाटे दर्शनीय स्थळे, अकराला जेवण, चारला पुन्हा जेवण. हा क्रम गैरसोयीचा वाटेल अशी कल्पना होती. पण व्हिएतनामी माणूसही लवकर उठतो आणि साडेअकराच्या सुमारास जेवायला बसतो. आमची वेळ त्यांच्या वेळेशी सहज जुळून गेली.

खरी परीक्षा ताटातच होती. तेथील प्रसिद्ध ‘फो’ म्हणजे तांदळाच्या शेवयांचे सूप. त्यातले मांस काढून द्या म्हटले, तरी रस्सा हाडे उकळूनच केलेला असतो. ‘नुओक माम’ नावाचा माशांचा अर्क तर भाजीतही मिठासारखा पडतो. म्हणून “मांस नको” एवढे सांगून भागत नाही. तिथे विचारायचा शब्द एकच, ‘चाय’. बौद्ध परंपरेतील शाकाहाराला हे नाव आहे आणि गल्लोगल्ली रोमन लिपीतील त्या चार अक्षरांची पाटी दिसते. त्यांची भाषा सुरांवर चालते, सूर चुकला की अर्थ बदलतो. म्हणून उच्चाराच्या भरवशावर न राहता आम्ही मजकूर कागदावर लिहून घेतला होता.

एवढे करूनही एकदा चूक झालीच. एका उपाहारगृहात मान डोलावून आणून दिलेल्या भाजीत माशांचा अर्क होता, हे दोन घास गेल्यावर कळले. वाढणाऱ्या मुलीचा चेहरा उतरला. आईने ताट हळूच बाजूला सारले, त्या दिवशीचे दुसरे जेवण सोडले आणि रात्री बराच वेळ जप करीत बसली. “अजाणता घडले. तिच्यावर राग धरला तर ती दुसरी हिंसा होईल,” एवढेच ती बोलली. मला मात्र तिला आणल्याचा त्या रात्री पश्चात्ताप झाला.

हनोईहून ह्वेला आम्ही रेल्वेने गेलो. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा १७२६ किलोमीटरचा लोहमार्ग मीटरगेज आहे. पुलगाव-आर्वीची नॅरोगेज गाडी आठवणाऱ्या आईला तो डबा ओळखीचा वाटला. ह्वेच्या पुढे गाडी हाय वान घाटात समुद्राला बिलगून वळते. ते दृश्य दिवसाउजेडी पाहावे असे आहे. शहरांत ‘ग्रॅब’ या मोबाइल ॲपवरून गाडी बोलावता येते आणि भाडे आधीच कळत असल्यामुळे घासाघीस करावी लागत नाही. दुचाकींच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडण्याची रीत मात्र शिकावी लागते: एका संथ गतीने चालत राहायचे, मध्येच थांबायचे नाही, मागे फिरायचे नाही, वाहने आपल्याला वळसा घालून जातात.

ह्वे ही जुनी राजधानी. तिथल्या मठांमुळे शाकाहारी स्वयंपाकाची परंपरा तिथे रुजली आहे. आम्ही पोहोचलो त्या दिवशी पौर्णिमा होती आणि चायच्या खानावळीत बसायला जागा नव्हती. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे असंख्य कुटुंबे शाकाहार पाळतात. अधिक कडक व्रत धरणारे महिन्यातून सहा दिवस पाळतात: ८, १४, १५, २३, २९ आणि ३०. हे आकडे ऐकताच आई बोटांवर मोजू लागली. “या तर आपल्या अष्टमी आणि चतुर्दशी!” तिथी एखाद्या दिवसाने मागेपुढे होत असतील, पण गणित तेच होते.

त्याहून मोठे आश्चर्य पुढे होते. तेथील भिक्षू कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. त्यांच्या पाच उग्र पदार्थांच्या जुन्या यादीत आपला हिंगदेखील आहे! आयुष्यभर लसणाऐवजी हिंगाची फोडणी देणारी आई हे ऐकून मनापासून हसली. अर्थात चाय म्हणजे जैन आहार नव्हे. त्यांच्या रश्श्यात मुळा आणि गाजर असते, अळिंबी तर बहुतेक पदार्थांत. म्हणून खानावळीच्या वृद्ध मालकिणीला आम्ही कागद दाखवला. तिने तो दोनदा वाचला, आत गेली आणि साधा भात, टोमॅटोच्या रसातील टोफू, बिनलसणाची नाळीची भाजी आणि भाजलेल्या तीळ-शेंगदाण्यांचे मीठ घातलेले कूट घेऊन आली. ‘मुओइ वुंग’ म्हणतात त्याला. आईने बॅगेतली तिळाची चटणी काढून तिच्या वाटीशेजारी ठेवली. दोघींनी एकमेकींची चव घेतली. सूर्यास्ताला अजून तासभर अवकाश होता.

पुढच्या दिवसांत वाफवलेला चिकट भात आणि मुगाची डाळ यांचा ‘सोय’, मूग आणि नारळाच्या दुधाचे गोड ‘चे’, शहाळी आणि ड्रॅगनफळे यांवर आमचे उत्तम चालले. ‘सोय’वरचा तळलेला कांदा आधीच नको म्हणून सांगावा लागतो, एवढेच.

परतल्यावर आई नातवाला घेऊन गोपुरीतील विश्वशांती स्तूपावर गेली. गीताई मंदिराजवळचा हा स्तूप जपानी बौद्ध भिक्षूंच्या परंपरेने उभा केलेला. इतकी वर्षे ती तो रस्त्यावरून पाहत आली होती. ज्या विनोबांच्या प्रेरणेने ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले, त्यांच्या वर्ध्याच्या मातीत हे शेजारपण जुनेच आहे. स्तूपाला फेरी घालून ती म्हणाली, “पुढच्या वेळी कागदावर हिंगाचेही लिहू. त्या बाईंना नको असेल, तर आपण का न्यावा?”