आरसीसी डिझाइनचे किती?

स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी बहुधा बांधकामाच्या चौरस फुटावर ठरते. दर 20 रुपये धरला, तर 1,200 चौरस फुटांच्या घराला 24,000; इंजिनिअर जीएसटी नोंदणीकृत असेल तर वर 18 टक्के, म्हणजे 28,320 रुपये. माती परीक्षण वेगळं. साइटवरच्या भेटी फीमध्ये किती, हे आधीच लिहून घ्या. कुरबूर तिथेच होते. कॉलम भरण्याआधीची भेट तर सोडूच नका. आयएस 13920 या भारतीय मानकाप्रमाणे कॉलमच्या रिंगांचे हूक 135 अंशांत आत वळलेले हवेत. सळई बांधणारे सवयीने 90 वरच थांबतात. ‘डिझाइन कशाला, सळई जरा जास्तच टाकू’ म्हणणारा ठेकेदार फी वाचवतो खरा, पण त्या जादा सळईची पावती तुमच्याच नावावर फाटते.