आबा, बापू, नारबा आणि एक विंचू

मराठी घरात दिलीप प्रभावळकर या एकाच नावाची चारपाच माणसे नांदतात. आजीला चिमणराव आठवतो, आईच्या डोळ्यांत नंदूच्या आठवणीने पाणी येते, चाळिशीतला मुलगा अजून तात्या विंचूची नक्कल करतो आणि टिपऱ्यांचे आबा तर सगळ्यांचेच. बरे, या चौघांना एका खोलीत बसवले तर ते एकमेकांचे नातेवाईकही वाटणार नाहीत! ४ ऑगस्ट १९४४ रोजी जन्मलेल्या या नटाची कारकीर्द म्हणजे अख्खे गाव आहे. चला, गावात एक फेरफटका मारू.

१. आधी चेटकीण, मग बाकीचे
विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण, औषध कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी नाटक, अशी ही सुरुवात. त्या काळात गाजलेली त्यांची भूमिका कुठली, तर रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चेटकीण! पोरांना घाबरवायचे आणि त्याच वेळी हसवायचेही, ही तारेवरची कसरत त्यांनी तिथेच साधली. पुढे ती कुठे कामाला आली, ते पाचव्या क्रमांकावर वाचा.

२. चिमणराव घरोघरी
चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर आले, तेव्हा चिमणराव होते प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ होते बाळ कर्वे. भित्रा, भाबडा, बायकोपुढे नमणारा आणि तरी आपल्या शहाणपणावर ठाम विश्वास असलेला मध्यमवर्गीय माणूस त्यांनी असा उभा केला, की पुस्तकातला चिमणराव वाचतानाही आता त्यांचाच चेहरा दिसतो. लेखकाच्या पात्रावर नटाची अशी मोहोर उमटणे फार थोड्यांच्या वाट्याला येते.

३. एकदा भुताचा दोस्त, एकदा स्वतःच भूत
‘एक डाव भुताचा’ (१९८२) आठवतो? त्यात प्रभावळकर साधेभोळे शाळामास्तर आणि अशोक सराफ त्यांच्या मदतीला धावणारे शिवकालीन भूत. लेखणी द. मा. मिरासदारांची, त्यामुळे विनोदाला अस्सल गावरान चव. बावीस वर्षांनी फासे उलटे पडले. महेश कोठारे यांच्या ‘पछाडलेला’त (२००४) प्रभावळकर झाले इनामदार भुसनळे, म्हणजे वाड्यात ठाण मांडून बसलेले भूत! भुताची दोन्ही बाजूंनी अशी ओळख असलेला नट विरळाच.

४. नंदू आला बदली म्हणून
‘चौकट राजा’ (१९९१) हा संजय सूरकर यांनी दिग्दर्शित केलेला, स्मिता तळवलकर यांची निर्मिती असलेला चित्रपट. त्यातला नंदू आधी परेश रावल करणार होते आणि प्रभावळकरांच्या वाट्याला गणा होता. ऐनवेळी गणित बदलले. नंदू प्रभावळकरांकडे आला आणि गणा अशोक सराफांकडे गेला. मराठी सिनेमाचे केवढे भाग्य!

बालपणीच्या अपघाताने नंदूची बुद्धी लहान मुलाचीच राहिलेली. अशा भूमिकेत नट सहज वाहवत जातो, रडवायच्या नादात पात्राची कीव करू लागतो. प्रभावळकरांचा नंदू बघा. तो हट्ट करतो, रुसतो, खुलतो, मायेच्या माणसाला घट्ट धरून ठेवतो. आई झालेल्या सुलभा देशपांडेंसमोर तर चाळिशी ओलांडलेला हा नट खरोखर मूल वाटतो. नंदूला स्वतःविषयी वाईट वाटत नाही, म्हणूनच आपल्याला इतके वाटते. चित्रपट संपल्यावर नंदू हवाहवासा वाटतो, बिचारा वाटत नाही. हे श्रेय अभिनयाचे.

५. चेहरा थोडा, आवाज भरपूर
दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, ‘झपाटलेला’ आला आणि नंदूच्याच नटाने महाराष्ट्रातल्या पोरांची झोप उडवली. गंमत अशी, की हाडामांसाचा तात्या विंचू पडद्यावर थोडाच वेळ दिसतो. गोळी लागते, मंत्र म्हटला जातो आणि त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. पुढचा सगळा चित्रपट बाहुला रामदास पाध्ये यांचा आणि आवाज प्रभावळकरांचा. हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून सुचलेली ही कल्पना इथे रुजली ती त्या आवाजामुळे. घशातून घासत येणारा, चिडका, खुनशी आणि तरीही ऐकताना हसू फुटावे असा आवाज. ‘अलबत्या गलबत्या’च्या चेटकिणीचा हा सख्खा भाऊच म्हणा ना! हिंदीत हाच चित्रपट ‘खिलौना बना खलनायक’ झाला. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ आला तो थ्रीडीत, आणि तात्याचा दरारा तोवर जराही ओसरला नव्हता.

६. एका तिकिटात सहा जण
हे रूपांतर जमते कसे, याचे उत्तर ‘हसवाफसवी’त आहे. नाटक लिहिले प्रभावळकरांनीच आणि त्यात सहा वेगवेगळ्या भूमिका केल्या त्याही त्यांनीच. त्यातले वयोवृद्ध गायक नट कृष्णराव हेरंबकर तर आजही नाट्यवेड्यांच्या गप्पांत हमखास येतात. थरथरत्या हातांचा तो म्हातारा बघताना, पाच मिनिटांपूर्वी हाच माणूस भलत्याच रूपात समोर होता, हे प्रेक्षक साफ विसरून जायचे. मेकअप आणि विग हे वरवरचे. खरी जादू चालण्यात, मानेच्या ठेवणीत आणि शब्द उच्चारण्याच्या लकबीत होती.

७. लेखकाच्या वहीतून थेट हॉलमध्ये
‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही केदार शिंदे दिग्दर्शित मालिका २००१ मध्ये सुरू झाली. तिचा जन्म प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनातून झालेला. स्वतः लिहायचे आणि आबांच्या रूपाने ते स्वतःच जगायचे! नातवंडांशी मैत्री करणारे, नव्या जमान्याला नाक न मुरडणारे आबा मराठी घरांना इतके आवडले, की आपल्याकडेही असेच आजोबा हवेत असे प्रत्येकाला वाटू लागले. मुलांचा लाडका ‘बोक्या सातबंडे’ही त्यांच्याच लेखणीतला. माणसे न्याहाळून कागदावर उतरवायची सवय असल्यामुळेच ती त्यांच्या अंगात इतकी सहज उतरतात.

८. आधी पुनप्पा, मग बापू
२००२ च्या ‘एन्काउंटर: द किलिंग’मध्ये नसीरुद्दीन शाह पोलीस अधिकारी होते आणि प्रभावळकर होते गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या पुनप्पा. चारच वर्षांनी हाच माणूस महात्मा गांधी झाला!

‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) पुन्हा बघा, आणि या वेळी नजर बापूंवरच ठेवा. मुन्ना तीन दिवस, तीन रात्री जागून ग्रंथालयात वाचत बसतो आणि बापू समोर उभे राहतात. गाजावाजा नाही, भाषण नाही. प्रेमळ, किंचित मिश्कील आवाजात ते बोलतात आणि मुन्नाबरोबर आपलाही विश्वास बसतो. त्याहून अवघड प्रसंग पुढचा आहे. भर सभेत मुन्नाला गांधीजींच्या आयुष्याविषयी प्रश्न विचारले जातात. मुन्नाला जे ठाऊक आहे तेवढेच त्याच्या कल्पनेतल्या बापूंना ठाऊक. त्यामुळे मुन्नाला न येणारा प्रश्न आला की बापूही गप्प! देशाच्या पूजास्थानी असलेल्या माणसाला निरुत्तर दाखवायचे आणि त्याचा मान तसूभरही कमी होऊ द्यायचा नाही, हे काम प्रभावळकरांनी नुसत्या नजरेवर निभावले आहे. राष्ट्रपुरुषांच्या भूमिकांत नट बहुधा पुतळा होतात. हे बापू मात्र खांद्यावर हात ठेवतील असे वाटतात.

९. पुरस्कार एक, चित्रपट दोन
२००६ च्या चित्रपटांसाठीचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार प्रभावळकरांना मिळाला. हिंदी ‘लगे रहो मुन्नाभाई’साठी, हे बहुतेकांना माहीत असते. पण त्याच पुरस्कारात दुसरे नाव होते मराठी ‘शेवरी’चे! नीना कुळकर्णींची मुख्य भूमिका असलेला, गजेंद्र अहिरे यांचा तो चित्रपट. एका पुरस्कारात दोन भाषा आणि दोन भूमिका.

१०. तीन म्हातारे, तीन तऱ्हा
वय वाढले की नटाच्या वाट्याला एकसारखे आजोबा येतात. प्रभावळकरांनी मात्र चार वर्षांत तीन निराळे म्हातारे दिले. ‘देऊळ’मधले (२०११) अण्णा विचारी आणि हळवे. गावात दवाखाना व्हावा म्हणून ते झटतात आणि गाव देवळामागे धावते. ‘नारबाची वाडी’तला (२०१३) नारबा कोकणी आणि चिवट. त्याच्या वाडीवर डोळा ठेवून खोत त्याच्या मरणाची वाट पाहतो आणि नारबा काही मरायचे नाव घेत नाही! मूळ कथा मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकातली, पण नारबा बघताना तो कुणाला कोकणाबाहेरचा वाटेल तर शपथ. ‘पोश्टर बॉईज’मधले (२०१४) जगन देशमुख तर अब्रूला जपणारे. नसबंदीच्या जाहिरातीवर परस्पर आपला फोटो छापलेला बघून त्यांची जी त्रेधा उडते, ती बघून पोट दुखेपर्यंत हसावे.

११. ८१ व्या वर्षी दशावतार
१२ सप्टेंबर २०२५ रोजी सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ प्रदर्शित झाला. बाबुली मेस्त्री हा दशावतारी कलावंत. दृष्टी अधू होत चाललेली, पण रंग चढवून उभा राहिला की वेगळाच. या वयात नट बसून करायच्या भूमिका मागतात. प्रभावळकरांनी कोकणातली रानवाट, जड वेषभूषा, मालवणी बोली आणि एकामागून एक अवतार असे सगळे अंगावर घेतले. चेटकिणीपासून सुरू झालेला सोंगांचा प्रवास अशा भूमिकेपर्यंत यावा, जिथे सोंग घेणे हेच पात्राचे आयुष्य आहे, याहून समर्पक योग कुठला?

पडद्यावर स्वतःची ‘स्टाइल’ मिरवणारे नट पुष्कळ असतात आणि त्यांच्यावर आपण प्रेमही करतो. प्रभावळकरांनी उलट प्रत्येक वेळी पात्राला पुढे जाऊ दिले आणि स्वतः मागे उभे राहिले. त्यामुळेच मराठीतला सर्वांत मोठा बहुरूपी कोण, असे कुणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे. तुम्हाला पटत नसेल तर एका शनिवार-रविवारी ‘चौकट राजा’, ‘झपाटलेला’ आणि ‘नारबाची वाडी’ याच क्रमाने बघा. घरातल्या लहान मुलांनाही सोबत बसवा. शेवटी त्यांना विचारा, या तिन्ही चित्रपटांत एकच नट होता, हे ओळखले का?