ओठ हलले तरी चालतील

हॉलीवूड. मार्च १९४३ मधला कुठलाही रविवार धरा.

सकाळी १०. सनसेट आणि व्हाइनच्या नाक्यावर एनबीसीचा स्टुडिओ. वादक ट्राममधून उतरतात, वाद्यं काखोटीला मारून. पेट्रोल रेशनवर. टायर मिळायची मारामार.

११. संहितेचं वाचन. रेडिओ कार्यक्रम अर्ध्या तासाचा, थेट प्रक्षेपण. सेकंदासेकंदाचा हिशेब. हशा येणार नाही अशा ओळीवर पेन्सिल फिरते. प्रायोजक चेस अँड सॅनबॉर्न कॉफी, आणि कॉफीच रेशनवर! मोठ्या माणसाला पाच-सहा आठवड्यांना एक पौंड. जाहिरात तरी लिहावीच लागते. या खोलीतलं सगळ्यात अवघड काम मला तेच वाटतं.

१:३०. बोलका बाहुला चार्ली मॅकार्थी पेटीतून बाहेर येतो. टॉप हॅट, एका डोळ्यावर काच. पाइनच्या लाकडाचं डोकं एका सुतारानं कोरलेलं, मजुरी सुमारे ३५ डॉलर. धड शब्दभ्रमकार एडगर बर्गनच्या हातचं. पाठीचा कणा म्हणजे झाडूचा नऊ इंची दांडा. जबडा दोऱ्या आणि रबरबँडवर चालतो. बर्गन दोरी ओढून पाहतो. जबडा वेळेवर मिटायला हवा.

३. रंगीत तालीम. प, फ, ब, भ, म ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. रंगमंचावरचा शब्दभ्रमकार तिथं जिभेनं वेळ मारून नेतो, ‘ब’च्या जागी ‘द’, ‘म’च्या जागी ‘न’ सरकवतो. आपल्याकडे यशवंत पाध्यांचा बाहुला अर्धवटराव लोकांनी समोर बसून पाहिला, तिथं ही कसरत टळत नाही. बर्गनचे ओठ मात्र सरळ हलतात. घरी रेडिओपुढे बसलेल्याला काय दिसणार? बर्गनची खरी मेहनत घशात आहे. स्वतःचा सौम्य, अडखळता आवाज, वर चार्लीचा चुरचुरीत, आगाऊ. आणि चार्ली त्याला बोलता बोलता तोडतो. म्हणजे स्वतःचं वाक्य अर्ध्यात गिळायचं आणि त्याच दमात दुसऱ्याचं सुरू करायचं. दुसरा बाहुला मॉर्टिमर स्नर्ड आला की तिसरा आवाज, जड, संथ. दोन आवाज एकमेकांत मिसळले, तर घरच्या श्रोत्याला चार्ली दिसेनासा होईल. मला तरी ही कारागिरी ओठ न हलवण्याहून मोठी वाटते.

४:३०. दारं उघडतात. तिकीट फुकट. गर्दीत गणवेशातली पोरं बरीच.

५. लाल दिवा. न्यूयॉर्कला रात्रीचे आठ. रे नोबलचा वाद्यवृंद सुरू होतो. हशा लांबला की काचेआडून बोटांची खूण होते आणि पुढच्या दोन ओळी जागच्या जागी गळतात. वाढीव वेळ कुणी देत नाही.

५:३०. एनबीसीचे तीन सूर. चार्ली पेटीत. बर्गन पाणी मागतो.

या कार्यक्रमाचं पुढचं काम सैन्याच्या रेडिओ विभागाचं. सोळा इंची तबकड्या, विनाइलच्या. एरवीच्या तबकड्यांना लागणारी लाख भारतातून यायची, युद्धात ती दुर्मीळ झाली. सैनिकांना जाहिरात ऐकवायची नाही, असा नियम. म्हणून तंत्रज्ञ कॉफीचं नाव शोधून शोधून कापतो. मोकळ्या जागेत संगीत भरतो. मग तबकड्या खोक्यात बंद करून सैन्याच्या तळांवर पाठवायच्या.