जगाच्या जत्रेचं टपाल तिकीट

तिकीट जितकं जुनं तितकं महाग, हा समज नव्या संग्राहकाच्या खिशाला हमखास चाट लावतो. १८९३चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन घ्या. कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने ते भरलं आणि अमेरिकेने त्यासाठी एक सेंटपासून पाच डॉलरपर्यंत १६ तिकिटं काढली. दोन सेंटचं तिकीट तब्बल १४६ कोटींवर छापलं गेलं. वापरलेलं आजही सहज परवडतं. पाच डॉलरचं मात्र मोजकं खपलं. एवढं टपाल लागतं कुणाला, अशी टीका तेव्हाच झाली होती, आणि ती रास्तच होती.

पण स्वस्त तिकिटातच मौज जास्त. एक सेंटच्या तिकिटावर कोलंबसाला जमीन दिसते, तेव्हा त्याला दाढी नाही. दोन सेंटच्या तिकिटावर तो किनाऱ्यावर उतरतो, तर भरघोस दाढी! दोन वेगळ्या चित्रांवरून तिकिटं बेतल्याचा हा परिणाम. त्याच दोन सेंटच्या काही प्रतींवर, छपाईच्या साच्यातल्या दोषामुळे, एका माणसाच्या टोपीला खाच पडलेली दिसते. संग्राहक ती ‘तुटकी टोपी’ भिंग लावून शोधत बसतात.

१९०१च्या बफेलो प्रदर्शनाची तिकिटं दुरंगी होती, म्हणजे कागद यंत्रात दोनदा जायचा. काही कागद दुसऱ्या वेळी उलटे गेले आणि आगगाडी चाकं वर करून धावू लागली. खरी किंमत आहे ती अशा चुकांना.

शिकागोचा धागा आपल्यापर्यंतही येतो. त्याच प्रदर्शनाला जोडून भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, मुंबईचे बी. बी. नगरकरही बोलले. विवेकानंदांच्या भाषणाच्या शताब्दीचं तिकीट भारताने १९९३ साली काढलं. कोलंबसाशेजारी ते लावलं की अल्बमचं पान बोलकं होतं. भारतातल्या प्रदर्शनांचीही तिकिटं आहेत: दिल्लीतल्या जागतिक कृषी प्रदर्शनाचं तिकीट १९५९ सालचं, ‘एशिया ७२’ व्यापार मेळ्याची १९७२ची. भारताची पहिली मिनिएचर शीट, म्हणजे तिकिटं छापलेला छोटा स्वतंत्र कागद, १९७३ची, तीही ‘इंडिपेक्स’ या तिकिटांच्याच प्रदर्शनासाठी.

यंत्रमागांच्या भिवंडीतल्या संग्राहकाने सुरुवात करावी ती या भारतीय तिकिटांपासूनच. सूत-कापडाच्या जुन्या पेढ्यांच्या पत्रव्यवहारात ‘एशिया ७२’चं तिकीट लावलेलं पाकीट निघालं आणि त्यावर भिवंडीचा शिक्का स्पष्ट असला, तर ते कोऱ्या तिकिटापेक्षा कितीतरी बोलकं. तिकीट सोडवायला पाकीट पाण्यात टाकायचं नाही. शिक्का, पत्ता, तारीख सगळं एकत्रच राहू द्यायचं. कोरी तिकिटं मात्र पावसाळ्यात सांभाळावी लागतात. दमट हवेत मागचा गोंद ओलावतो आणि तिकीट पानाला चिकटून बसतं. अल्बम आडवे एकमेकांवर रचू नयेत, उभे ठेवावेत. आणि लूमच्या खोलीत तर मुळीच नको. तिथला कापसाचा भुगा प्रत्येक पानात शिरतो.